कॉलेजचे नाव आणि कॉलेजचे दार

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एकच शब्द कानावर पडतो : कट-ऑफ. अमुक कॉलेज ९२ टक्क्यांना बंद झाले, तमुक ९४ ला. ज्याचा आकडा चढा, ते कॉलेज नामांकित. तिथे शिकवतात कसे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, प्राध्यापक मुलांशी वर्गाबाहेर दोन शब्द बोलतात की नाही, हे कोणी विचारीत नाही. किती जणांना आत घेतले यापेक्षा किती जणांना परत पाठवले, यावर कॉलेजची पत ठरते. दुकानाची पत परतवलेल्या गिऱ्हाइकांवरून ठरवावी, तसाच हा प्रकार आहे.

हा आजार केवळ आपला नाही. अमेरिकेत तर त्याचे शास्त्रच झाले आहे. म्हणून आज तिथल्या एका लहानशा, खासगी, पण देशभर नावाजलेल्या कॉलेजची हकीकत सांगावी म्हणतो. त्याचे नाव विल्यम्स कॉलेज. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य टोकाला, डोंगरांच्या कुशीत विल्यम्सटाऊन नावाचे गाव आहे, तिथे ते वसले आहे. मुलामुलींची संख्या दोन हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात याहून अधिक मुले असतात. तिथे डॉक्टर, वकील, इंजिनिअर घडवत नाहीत. चार वर्षे राहून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, विज्ञान, चित्रकला, संगीत असे सगळे चाखायचे आणि मग एक-दोन विषयांत खोल उतरायचे, अशी तिथली रीत. अशा शिक्षणाला तिकडे लिबरल आर्ट्स म्हणतात. पोटापाण्याचा धंदा शिकण्याआधी माणूस म्हणून विचार करायला शिकावे, हा त्यामागचा हेतू.

हे कॉलेज निवडण्याचे दुसरेही एक कारण आहे. त्याचा आपल्या मराठी भाषेशी एक जुना संबंध आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. त्याच्याकडे पुढे वळतो.

या कॉलेजचा आरंभ एका मृत्युपत्रातून झाला. इफ्रेम विल्यम्स हा मॅसॅच्युसेट्सच्या लष्करातला कर्नल. ८ सप्टेंबर १७५५ रोजी लेक जॉर्जच्या लढाईत तो मारला गेला. त्याने लिहून ठेवले होते की, आपल्या मालमत्तेतून सरहद्दीवरच्या वस्तीत मुलांसाठी एक मोफत शाळा काढावी. अटी दोन. गावाला आपले नाव द्यावे, आणि ते गाव मॅसॅच्युसेट्समध्येच राहावे. शेजारच्या न्यूयॉर्कशी सीमेचा वाद तेव्हा चालू होता. सीमावाद म्हणजे काय, ते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. पैसे उभे राहायला वर्षे गेली, लॉटरीसुद्धा काढावी लागली. १७९१ मध्ये शाळा उघडली आणि दोनच वर्षांत, १७९३ मध्ये, तिचे कॉलेज झाले.

दात्याचे गुण गाताना उरलेला हिशेबही मांडला पाहिजे. ही जमीन मुळात मोहिकन लोकांची. आणि शाळेसाठी संपत्ती ठेवणाऱ्या या कर्नलच्या पदरी गुलाम होते. मोफत शाळा कोणासाठी, याचे उत्तर त्या काळात कोणी लिहूनही ठेवत नसे, इतके ते सर्वांनी गृहीत धरलेले होते.

पण एका बाईने ते गृहीत धरले नाही, असे सांगतात. लुसी टेरी तिचे नाव. लहानपणी तिला आफ्रिकेतून पकडून आणले आणि मॅसॅच्युसेट्समधल्या डीअरफील्ड या गावात ती गुलाम म्हणून वाढली. १७४६ मध्ये गावाजवळ झालेल्या एका हल्ल्यावर तिने पद्य रचले. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या माणसाची आज माहीत असलेली सर्वांत जुनी कविता ती हीच. शंभरावर वर्षे ती लोकांच्या तोंडी राहिली आणि १८५५ मध्ये प्रथम छापली गेली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचा प्रवास आठवावा, तसा हा प्रवास. पुढे अबायजा प्रिन्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाशी तिचे लग्न झाले आणि ती मुक्त झाली.

या लुसीबद्दल एक गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून सांगितली जाते. आपल्या मुलाला विल्यम्स कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून ती विश्वस्तांसमोर उभी राहिली आणि तीन तास बोलली. कायद्याचे दाखले दिले, बायबलमधली वचने अध्यायासकट सांगितली. विश्वस्तांनी ऐकून घेतले आणि नाही म्हटले. अभ्यासकांनी या प्रसंगाचा कागदोपत्री पुरावा शोधला, तो सापडलेला नाही. तेव्हा ही दंतकथा म्हणूनच घ्यायची. पण दंतकथाही उगाच जन्माला येत नाहीत. ज्यांना दाराबाहेर ठेवले जाते, त्यांच्या आठवणी कॉलेजच्या दप्तरात नसतात. त्या लोकांच्या तोंडी राहतात. प्रवेशाच्या इतिहासात मला ही गोष्ट पहिल्या पानावर ठेवावीशी वाटते. लुसी १८२१ मध्ये, नव्वदीच्या घरात असताना वारली.

आता मराठीच्या संबंधाकडे येतो. १८०६ चा ऑगस्ट महिना. विल्यम्सचे पाच विद्यार्थी माळावर प्रार्थनेसाठी जमले होते. सॅम्युएल मिल्स हा त्यांचा म्होरक्या. अचानक वादळ आले, विजा कडाडू लागल्या, आणि ही पोरे एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली. आशियात जाऊन धर्मप्रसार करायचा, असा निश्चय त्यांनी तिथे केला. पोरवयातल्या अशा शपथा बहुधा पावसाबरोबर वाहून जातात. ही टिकली. तिच्यातून १८१० मध्ये परदेशी मिशनकार्यासाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झाले, आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे मुंबई बंदरात उतरले. यांतला हॉल हा विल्यम्सचा, १८०८ चा पदवीधर. ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नको होते; त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. त्यांनी गव्हर्नर नेपियन यांच्याकडे अर्ज-विनंत्या करून कसाबसा मुक्काम मिळवला. ज्या कॉलेजने पुढे हजारो अर्ज परत पाठवले, त्याचा एक पदवीधर मुंबईच्या दारात स्वतःच अर्जदार म्हणून ताटकळला होता, ही नोंद मला गमतीची वाटते.

हॉल मराठी शिकला, मराठीत बोलू-लिहू लागला. १८२६ च्या मार्चमध्ये, नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना, पटकीने तो वाटेतच मेला. त्याच वर्षी अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार पुरा झाला. यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, याबद्दल संभ्रम नको. त्यांच्या लिखाणात इथल्या हिंदूंबद्दल आणि मुसलमानांबद्दल जे आहे, ते वाचताना आजही कपाळाला आठी पडते. पण इतिहासात हेतू एक असतो आणि फळ भलतेच लागते. या मिशनने मुंबईत छापखाना घातला. त्याच छापखान्यात कामाचे धडे घेऊन गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि पंचांग छापले. निर्णयसागरचे जावजी दादाजी यांचीही उमेदवारी तिथलीच. म्हणजे मराठी अक्षर शिळेवर आणि खिळ्यावर चढले, त्याच्या मागे दूरवरची ती गवताची गंजीही आहे.

त्याहून मोठी गोष्ट मुलींच्या शाळेची. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. मग सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका आली. तिने आधी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीतही फरारबाईंचे नाव येते. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात ज्या फातिमाचा उल्लेख आहे, तिची आठवणही इथे होते. एका पिढीत केवढी उलथापालथ झाली पाहा! आणि आता उलट बाजू बघा. ज्या कॉलेजच्या माळावर ही चळवळ जन्मली, त्या विल्यम्समध्ये पदवीसाठी मुलींना प्रवेश मिळाला तो १९७० मध्ये. मुंबईच्या शाळेनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. दुसऱ्याच्या घराचे दार उघडणे सोपे असते. आपले दार उघडायला वेळ लागतो.

ते सुरुवातीचे विल्यम्स निवडक मुळीच नव्हते. लॅटिन-ग्रीकची बेताची तयारी असली की प्रवेश मिळे. नथॅनिएल हॉथॉर्न या कादंबरीकाराने १८३८ मध्ये तिथला पदवीदान समारंभ पाहिला, तेव्हा त्याला तिथे दिसली ती डोंगराळ खेड्यांतली रांगडी, शेतकऱ्यांची पोरे. कॉलेज इतके आडबाजूला होते की, ते टिकेल की नाही याचीच भ्रांत होती. १८२१ मध्ये तर अध्यक्ष झेफनाया मूर हे स्वतःच कंटाळले आणि पंधरा विद्यार्थी घेऊन ॲमहर्स्टला निघून गेले. तिथे ॲमहर्स्ट कॉलेज उभे राहिले. तेव्हापासून या दोन कॉलेजांत भाऊबंदकी आहे, ती आजतागायत. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना १८५९ मध्ये झाला तो या दोघांतच, आणि तो ॲमहर्स्टने ७३-३२ असा जिंकला.

पण मूर गेले त्याच वर्षी विल्यम्सचे माजी विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी आपली संघटना बांधली. माजी विद्यार्थ्यांची जगातली सर्वांत जुनी संघटना म्हणून तिचे नाव घेतात. कॉलेज बुडू द्यायचे नाही, एवढाच तिचा उद्देश होता. पुढे तीच कॉलेजची तिजोरी झाली. आज विल्यम्सकडे तीन अब्ज डॉलरहून अधिक निधी आहे. आपल्याकडे माजी विद्यार्थी संघ म्हणजे वर्षातून एकदा जेवण आणि जुन्या शिक्षकांचा सत्कार. तिकडे तो कॉलेजचा कणा असतो.

कीर्ती मात्र पैशाने आली नाही, निदान पहिली कीर्ती. ती आली एका शिक्षकामुळे. मार्क हॉपकिन्स हे १८३६ ते १८७२ अशी छत्तीस वर्षे अध्यक्ष होते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना तत्त्वज्ञान स्वतः शिकवीत. उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारीत. त्यांचा विद्यार्थी जेम्स गारफील्ड पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. लाकडाच्या एका ओंडक्याच्या या टोकाला हॉपकिन्स आणि त्या टोकाला विद्यार्थी बसला की आदर्श कॉलेज झाले, अशा अर्थाचे त्याचे बोल तिकडे म्हणीसारखे वापरतात. इमारतींवर पैसा उधळण्यापेक्षा शिक्षक चांगला आणा, हा त्याचा मुद्दा होता. १८८१ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या स्टेशनावर गारफील्डवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तो निघाला होता तो याच आपल्या जुन्या कॉलेजच्या समारंभासाठी. त्या ओंडक्याचा वारसा आजही थोडा शिल्लक आहे. तिथे ट्युटोरियल नावाची पद्धत आहे : दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. दर आठवड्याला एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने त्यातल्या उणिवा दाखवायच्या. पुढच्या आठवड्यात उलट. शंभर-सव्वाशेच्या वर्गात हजेरीचा आकडा म्हणून बसलेल्या आमच्या पिढीच्या बी.ए.वाल्यांना याचा हेवा वाटल्याशिवाय कसा राहील!

ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र कोणीही बसू शकत नव्हते. एकोणिसावे शतक संपता संपता शेतकऱ्यांची पोरे कमी झाली आणि न्यूयॉर्क-बोस्टनच्या श्रीमंतांची वाढली. विल्यम्सचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर गेयस चार्ल्स बोलिन. साल १८८९. कॉलेज निघाल्यावर ९६ वर्षांनी. तो पुढे वकील झाला. त्याच्यामागून एकेक, दोन-दोन असे विद्यार्थी येत राहिले. त्यांतला एक स्टर्लिंग ब्राऊन. वॉशिंग्टनच्या डनबार हायस्कूलमधून शिष्यवृत्तीवर आला आणि १९२२ मध्ये अत्यंत गौरवाने पदवी घेऊन बाहेर पडला. फाय बीटा कॅपा या मानाच्या मंडळात त्याची निवड झाली. पण विद्यार्थ्यांची जी बंधुमंडळे होती, ज्यांच्या घरात राहणे, जेवणे आणि मैत्री चाले, त्यांची दारे त्याला बंद होती. मूठभर कृष्णवर्णीय मुले आपापसांत राहत.

या ब्राऊनबद्दल मला विशेष ओढ वाटते. तो कवी झाला. वर्गात त्याला जॉर्ज डटन नावाच्या प्राध्यापकांनी वास्तववादी साहित्य वाचायला शिकवले, आणि ती दृष्टी घेऊन तो दक्षिणेत गेला. मजुरांची, शेतकऱ्यांची, गाणाऱ्यांची बोली ऐकत हिंडला. १९३२ मध्ये त्याचा पहिला संग्रह आला, तो याच बोलीतला. नामांकित कॉलेजात शिकून त्याने नामांकितांची भाषा उचलली नाही. हॉवर्ड विद्यापीठात त्याने चाळीस वर्षे शिकवले. १९७३ मध्ये तो विल्यम्समध्ये पुन्हा बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या बोलण्यात कृतज्ञता होती आणि हिशेबही होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

हे मला नीट समजते. मी मुसलमान, घरात दखनी बोललो आणि मराठीत कविता लिहितो. मराठीने मला कधी दाराबाहेर ठेवले नाही. पण आजही एखाद्या कवितावाचनानंतर कोणीतरी प्रेमाने पाठ थोपटतो आणि म्हणतो, ‘तुमचे मराठी किती शुद्ध!’ त्या शाबासकीत एक लहानसा उंबरठा असतो. माझ्या शेजारी बसलेल्या जोश्यांना किंवा पाटलांना कोणी असे म्हणत नाही. प्रवेश मिळणे आणि घरचे होणे यांत अंतर असते. ब्राऊनला पहिले मिळाले, दुसरे नाही.

विल्यम्सने हे अंतर ओळखायला आणखी चाळीस वर्षे घेतली. १९६२ मध्ये एका समितीच्या अहवालावरून कॉलेजने ठरवले की, बंधुमंडळे बंद करायची आणि राहण्या-जेवण्याची व्यवस्था कॉलेजने आपल्या हाती घ्यायची. अध्यक्ष होते जॉन सॉयर. माजी विद्यार्थी खवळले. देणग्या थांबवण्याच्या धमक्या आल्या. सॉयर हलले नाहीत. त्याच दशकात प्रवेश कार्यालयाने दहा टक्के जागा अशा मुलांसाठी ठेवल्या की, ज्यांचे गुण थोडे कमी पण ज्यांच्यात काही वेगळी ठिणगी दिसते. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या मुख्य कचेरीची इमारत, हॉपकिन्स हॉल, ताब्यात घेतली आणि आपला इतिहास, आपले साहित्य अभ्यासक्रमात आणण्याची मागणी केली. पुढच्याच वर्षी मुली आल्या. म्हणजे आज ज्या विल्यम्सचे नाव देशभर घेतले जाते, ते १७९३ चे नाहीच. ते १९६२ ते १९७० या आठ वर्षांत नव्याने स्थापन झालेले कॉलेज आहे. दारे उघडली आणि त्यानंतर त्याचा दर्जा वाढला. दारे उघडली की दर्जा घसरतो, असे आपल्याकडे जे हमखास ऐकू येते, त्याला हे एक उत्तर आहे.

आणि इथेच गोष्ट उलटी फिरते. दारे उघडल्यामुळे जे मोठे झाले, त्याचे मोठेपण दार किती अरुंद यावर मोजले जाऊ लागले. १९८३ मध्ये ‘यू. एस. न्यूज’ या साप्ताहिकाने कॉलेजांची क्रमवारी छापली. पहिल्यांदा केवळ कॉलेजांच्या अध्यक्षांना विचारून, पुढे आकडेवारी घेऊन. साप्ताहिकाचा छापील अंक केव्हाच बंद झाला, क्रमवारी मात्र उरली. विल्यम्स त्या यादीत लिबरल आर्ट्स कॉलेजांत २००३ पासून जवळजवळ सातत्याने पहिले आहे. आज साधारण साडेपाचशे जागांसाठी पंधरा हजारांच्या आसपास अर्ज येतात. शंभरातल्या आठ-दहांना होकार जातो.

क्रमवारीत प्रवेश नाकारण्याच्या प्रमाणालाही गुण होते. त्याचा परिणाम काय झाला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. अर्ज वाढवा, म्हणजे नकार वाढतील. नकार वाढले की नाव वाढेल. कॉलेजे देशभर चकचकीत पत्रके पाठवू लागली, घेण्याचा विचारही नसलेल्या मुलांना अर्ज करायला लावू लागली. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट मकेना या नामवंत कॉलेजला कबूल करावे लागले की, त्यांच्या प्रवेश विभागातला एक वरिष्ठ अधिकारी काही वर्षे मुलांच्या परीक्षेचे गुण फुगवून कळवत होता. ज्याने शहाण्यासारखा वेगळा रस्ता धरला, ते ओरेगॉनमधले रीड कॉलेज. त्याने १९९५ मध्येच या क्रमवारीला माहिती देणे थांबवले. रीड बुडाले नाही. पुढे २०१८ मध्ये साप्ताहिकाने नकाराच्या प्रमाणाचा निकष काढून टाकला. पण सवय लागायची ती लागून गेली होती. आईबाप अजूनही आधी तोच आकडा विचारतात.

या अरुंद दारातून आत जाते कोण? वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरहून अधिक. विल्यम्ससारखी श्रीमंत कॉलेजे अमेरिकन मुलांच्या बाबतीत अर्ज तपासताना घरची ऐपत बघत नाहीत आणि निवड झाल्यावर लागेल तितकी मदत देतात. निम्म्याहून अधिक मुलांना अशी मदत मिळते. हे खरोखर कौतुकाचे आहे. पण ज्या मुलाने डोंगरापलीकडच्या त्या कॉलेजचे नावच ऐकले नाही, तो अर्ज कसा करणार? शिवाय निम्म्याच्या आसपास जागा, ‘निवडलेत तर दुसरीकडे जाणार नाही’ असे आधीच लिहून देणाऱ्यांतून भरल्या जातात. कुठे किती मदत मिळते याची तुलना ज्याला करावी लागते, तो असे लिहून देताना दहादा विचार करतो. खेळाच्या प्रशिक्षकांनी सुचवलेल्या मुलांना झुकते माप मिळते ते वेगळेच. मूळचे भारतातले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, अमेरिकेतल्या ३८ कॉलेजांत सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले ही खालच्या साठ टक्के घरांतल्या मुलांपेक्षा संख्येने जास्त आहेत. दारावर ‘गुणवत्ता’ अशी पाटी असते. पण गुणवत्तेची शिकवणी कोणाला परवडली, हे पाटीवर लिहिलेले नसते.

कॉलेजे हे ओळखून आहेत, हेही सांगितले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी सवलत ॲमहर्स्टने २०२१ मध्ये बंद केली. विल्यम्सने २०२२ मध्ये जाहीर केले की, आर्थिक मदतीत कर्ज असणार नाही आणि मदतीच्या बदल्यात कॅम्पसवर काम करण्याची सक्तीही नाही. देशात असे करणारे ते पहिलेच. आपल्याला कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ ही योजना प्रिय आहे, त्यामुळे काम काढून टाकणे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण फरक लक्षात घ्या. कर्मवीरांकडे श्रम ही सर्वांची शिकवण होती. तिकडे श्रीमंताचा मुलगा टेनिस खेळत असता गरिबाचा मुलगा भांडी घासत होता. श्रम सर्वांनी केले तर संस्कार, एकानेच केले तर खूण.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात निकाल दिला आणि प्रवेश देताना वंशाचा विचार करायला मनाई केली. पुढच्या वर्षी ॲमहर्स्टच्या पहिल्या वर्गातले कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. एका उन्हाळ्यात इतके. शतकभर इंचाइंचाने उघडलेले दार किती हलके होते, ते त्या आकड्यातून कळते. लुसी टेरीचे तीन तास अजून संपलेले नाहीत, असेच म्हणावे लागेल.

आपल्याकडेही आता अशा खासगी कॉलेजांचे नि विद्यापीठांचे युग आले आहे. सोनीपतचे अशोका, पुण्याचे फ्लेम यांची नावे सुखवस्तू घरांत घेतली जातात. सरकारने २०१६ पासून संस्थांची क्रमवारीही सुरू केली. अमेरिकेतून आपण काय आणणार, हा खरा प्रश्न आहे. ओंडका आणणार, की आकडा? आकडा आणणे सोपे आहे. त्याला शिक्षक लागत नाही.

आणि कीर्तीचे दुसरे माप आपल्याच मातीत आहे, ते विसरू नये. राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले, तिथे मराठा, महार, मुसलमान, जैन अशी पोरे एका पंक्तीला जेवली. या संस्थांची कीर्ती झाली ती कोणाला आत घेतले यामुळे. किती जणांना परत पाठवले, याची नोंद त्यांनी मिरवली नाही.

विल्यम्स वाईट कॉलेज आहे, असे मी म्हणत नाही. उलट, आपल्या मुलांना तसे शिकायला मिळावे, दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक असे बसायला मिळावे, असेच मला वाटते. पण त्या कॉलेजच्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत जे जे अभिमानाने सांगण्याजोगे आहे, ते सारे कोणीतरी दार ढकलल्यामुळे घडले आहे : बोलिनने, ब्राऊनने, १९६९ च्या मुलांनी, १९७० च्या मुलींनी. २०१८ मध्ये मॉड मँडेल या अध्यक्ष झाल्या. कॉलेजच्या इतिहासात त्या पदावर नेमलेली ही पहिली स्त्री. तेव्हा यंदा प्रवेशाच्या याद्या लागतील, त्या वेळी आपल्या मुलाचे नाव शोधून झाले की क्षणभर थांबावे. यादी कितीला बंद झाली हे तर कळेलच. यादीत कोणत्या वस्तीतले, कोणत्या गावातले, कोणत्या घरातले नाव एकदाही आले नाही, तेही वाचावे. कॉलेज किती मोठे आहे, ते तिथे लिहिलेले असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)